तोकुजीच्या जागेचा घास

शिगेनो जोवर देवमाशाचं मांस तोंडात घालत नव्हती, तोवर इसोने गावची बोट धक्क्यावरून हलणार नव्हती.

हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि कुणा सरकारी माणसाने विचारलं असतं तर अख्ख्या गावाने कानावर हात ठेवले असते. पण आवा प्रांताच्या किनाऱ्यावरच्या त्या एवढ्याशा खाडीत असंच चालत आलं होतं. बोटीवरचा माणूस समुद्राने नेला की त्याच्या घरी एकोणपन्नास दिवस सुतक. मासळी नाही, मांस नाही, सूप करायचं तर त्यात सुक्या माशाचं पाणीसुद्धा नाही. भात, टोफू आणि मुळ्याचं लोणचं. बोटही तेवढे दिवस बांधलेली. सुतकाच्या शेवटच्या दिवशी बोटीचा तोफवाला, म्हणजे भाल्याची तोफ चालवणारा आणि बोटीचा कर्ता माणूस, शेवटच्या शिकारीचं मांस घेऊन स्वतः त्या घरी यायचा. पहिला घास मेलेल्याच्या आईने खायचा. दुसरा घास ती उचलून ज्याच्या वाडग्यात घालील, तो मेलेल्याच्या जागी बोटीवर चढायचा. एवढं झालं की दुसऱ्या पहाटे बोट सुटायला मोकळी.

ज्याच्या वाडग्यात घालील, असं आपलं म्हणायचं. जागा घरातल्याच पुरुषाची असायची. बापामागे मुलगा, भावामागे भाऊ. आणि शिगेनोच्या घरात आता पुरुष म्हणून एकच उरला होता, तिचा धाकटा शिनपेई.

थोरला तोकुजी बोटीवर दोराचा माणूस होता. भाला लागला की दोर वेटोळ्यातून सरसर सुटत जातो. तो अडकू नये, घासून जळू नये म्हणून त्यावर पाणी मारत राहायचं, हे त्याचं काम. इसोनेच्या समुद्रातला देवमासा चोचीसारख्या तोंडाचा, जातीने फार मोठा नाही, पण भाला लागला की सरळ खाली बुडी मारतो आणि किती खोल जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. जुलैच्या सुरुवातीला असाच एक खाली गेला, तेव्हा दोराच्या एका वेढ्यात तोकुजीचा पाय होता. कुणाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मग दोर तुटून वर आला, नुसता दोर. शेजारच्या बंदरांतल्या होड्यासुद्धा कितीतरी दिवस शोधत होत्या. काही मिळालं नाही.

देवळात जे मडकं ठेवलं, त्यात अस्थींच्या जागी तोकुजीचा डोक्याला बांधायचा टॉवेल होता. शिगेनोला हेही नवीन नव्हतं. नवरा युद्धात आरमारात गेला, तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक खोकं घरी आलं होतं. हलवलं की आत एक खडा वाजायचा. घरातले दोन पुरुष गेले आणि एकाचंही हाड तिच्या हाताला लागलं नाही. बाकीच्या बायका निदान राखेतून हाडं वेचतात तरी, ही काय दैवाची तऱ्हा, असं ती मनात म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

एकोणपन्नास दिवस पुरे व्हायच्या आत ओबोन आला. पितर घरी येतात ते दिवस. पण सुतक फिटल्याशिवाय मेलेला पितरांत धरत नाहीत, म्हणून तोकुजीचा पांढरा कंदील यंदा लावायचा नव्हता. गावभर दारादारांत कंदील आणि शिगेनोच्या दारात अंधार. तोकुजी ना इकडचा ना तिकडचा, मध्येच कुठे पाण्यात लोंबकळत असेल, असं तिला वाटत राहायचं.

गावाचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बोट बंद म्हणजे गाव बंद. किनाऱ्यावर बांबूच्या चटया रिकाम्या पडल्या होत्या. एरवी ऑगस्टात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मांसाच्या पातळ पट्ट्या कापायच्या, सोया सॉस आणि मिठात मुरवायच्या आणि कडक उन्हात काळ्याकुट्ट होईपर्यंत वाळवायच्या, हे इसोनेतल्या बायकांचं काम. त्यावरच घरं चालायची. आता घारी तेवढ्या सवयीने घिरट्या घालत होत्या.

"झाली का गं मनाची तयारी?" पाण्याच्या पंपावर मात्सुएने विचारलं. मात्सुए शेजारीण, मध्ये फक्त एक बोळ. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इसोनेत आलेल्या, एकीच्या घरात भांडं पडलं की दुसरी विचारायची काय झालं म्हणून.

"कसली तयारी?"

"कसली म्हणजे! देवळातले बुवा येणार, इवाझो येणार, अख्खी बोट येणार. तू तोंड उघडशील ना, एवढंच गाव विचारतंय."

"गावाला एवढी भूक लागली असेल तर गावाने खावं की."

"गाव मुळा खातंय, बाई, मुळा! तुझ्यापायी," पलीकडून एक म्हातारी म्हणाली. "आमच्या ह्यांच्या तोंडात एक दात नाही, तरी रोज विचारतात, पट्टी आहे का चोखायला? काय सांगू? शिगेनो रुसलीय म्हणून?"

बायका हसल्या. शिगेनोही हसली असती, दोन महिन्यांपूर्वी.

"तसं नाही गं," मात्सुएने आवाज खाली आणला. "तुझं दुःख काय आम्हाला कळत नाही? पण सप्टेंबर सरला की मासा निघून जातो. आणि शिनपेई काय लहान आहे? परवा सुऱ्या घेऊन चालला होता, मागून बघितलं तर मला वाटलं तोकुजीच. बोटीवर शोभेल."

"तुझा गिनजी पण शोभेल. त्याच्याच वयाचा आहे."

मात्सुएची बादली भरून वाहायला लागली. तिने पंप सोडला नाही. "शुभ बोल," ती म्हणाली. "त्याचं काय तिथे? जागा तुमच्या घरची."

लोक असे असतात. मात्सुए वाईट बाई नव्हती. तोकुजी गेला तेव्हा पहिली रात्र तीच शिगेनोजवळ बसली होती. पण दुसऱ्याचा मुलगा बोटीवर पाठवायला कुणाची जीभ अडखळत नाही.

शिनपेई धक्क्यावरच्या फाडणीच्या शेडमध्ये कामाला होता. देवमासा फाडायच्या लांब दांड्यांच्या सुऱ्या तो अशा परजायचा, की जुने लोकही बघत राहायचे. बोट बांधलेली, त्यामुळे फाडायला काही नव्हतं. तरी तो रोज जाऊन परजलेल्याच सुऱ्या पुन्हा परजून यायचा. पायात तोकुजीचे रबरी बूट. ते त्याला थोडे मोठे व्हायचे, पुढे गवताचा बोळा घालून घालायचा.

"आई, लोक माझ्याकडे बघतात," एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला.

"बघू देत. देखणा आहेस."

"चेष्टा नको ना. त्यांना वाटतं, मीच घाबरलोय आणि तुला पुढे करतोय."

"मग सांग त्यांना, आई घाबरलीय म्हणून. मला नाही लाज."

"मला आहे." त्याने वाडगा खाली ठेवला. "दादाच्या जागी मी गेलो नाही तर कोण जाईल? बाहेरचा कुणी तरी. मग दादाचं काय राहिलं? बाबांच्या वेळी खडा, दादाच्या वेळी टॉवेल. बोटीवरची ती हातभर जागा तेवढी आपली आहे."

"पोस्टात माणूस घेतायत म्हणे. सायकल मिळते."

"पोस्टात!" तो हसलाच. मग त्याने आईचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. "आई, बोट रोज संध्याकाळी परत येते. फक्त एकदाच एक माणूस आला नाही."

"एकदाच," शिगेनो म्हणाली. "आता कळलं, एकदा किती होतं ते?"

त्याने लोणच्याची शेवटची फोड आईच्या वाडग्यात घातली आणि उठला. चांगला मुलगा होता. तो आडदांड असता, उलटून बोलणारा असता, तर शिगेनोला पुढे जे केलं ते करताना एवढं जड गेलं नसतं.

सुतक संपायला थोडे दिवस उरले असताना ती इवाझोकडे गेली. इवाझो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, नात्याने तिचा दीर. अंगाने रेड्यासारखा, आवाजही तसाच. पण तोकुजी गेल्यापासून तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. अंगणात बसून तो तोफेचे सुटे भाग ग्रीसने पुसत होता. तिला बघून तो घाईने उठला आणि हात पुसायला काही सापडेना म्हणून पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"बसा, वहिनी. चहा ठेवायला सांगतो."

"चहा नको, भावजी. मी सुतक सोडणार आहे, एवढं सांगायला आले."

इवाझोने मान एवढी खाली घातली की त्याची मानेवरची जळकी कातडी दिसली. "उपकार झाले," तो म्हणाला. "गाव तुमच्याकडे डोळे लावून..."

"गावाचं राहू द्या. माझी एक अट आहे. दुसरा घास मी शिनपेईला घालणार नाही. मी दुसऱ्या कुणाला घालीन आणि तुम्ही काही बोलायचं नाही. चूक झाली असं म्हणायचं नाही. तुम्ही गप्प बसलात की बाकीचे गप्प बसतात."

आतून इवाझोच्या बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"वहिनी, त्या पोराची अब्रू जाईल."

"अब्रू गेलेला माणूस जेवायला बसतो, भावजी. तोकुजी बसतो का?"

"मी दोर कापायला धावलो होतो..."

"मला माहीत आहे. मी तुम्हाला काही म्हटलं का? आजपर्यंत एक शब्द म्हटला का?"

नव्हती म्हणाली. म्हणाली असती तर इवाझोला ते सोपं गेलं असतं. तिने त्या न बोललेल्या शब्दाचीच आता किंमत मागितली, हे त्यालाही कळलं आणि तिलाही. बाई माणसाला कोंडीत धरते ती अशी.

"कुणाच्या वाडग्यात घालणार?" त्याने शेवटी विचारलं.

"गिनजीच्या."

"मात्सुएच्या? तिला सांगितलंत?"

"तिने मला विचारून म्हटलं होतं का, शिनपेई बोटीवर शोभेल म्हणून?"

इवाझोने ग्रीसचा बोळा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि मान हलवली. घरी येताना शिगेनोला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मात्सुएच्या दारावरून जाताना आत दिवा होता आणि गिनजी कशावर तरी खो खो हसत होता. ती भिंतीकडच्या बाजूने चालत घरी आली.

सुतक फिटायच्या दिवशी उकाडा फार होता. बुवांनी देवळातून आणलेलं मडकं शेजारी ठेवून तोकुजीच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे सूत्रं म्हटली, उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरायला लागले. घर लहान, म्हणून मधली सरकती दारं काढून ठेवली होती. तरी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. एका बाजूला बोटीवरची माणसं काळ्या कपड्यांत, गळ्याशी घामाने भिजलेली. दुसऱ्या बाजूला शेजारपाजार. गिनजी बापाबरोबर आला होता. तो बोटीवरचा नव्हता, पण शिगेनोने स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. मात्सुएला त्याचं कौतुक वाटलं होतं. ती सकाळपासून मोरीपाशी टोफू कापत होती, घाम पुसत होती, आणि शिगेनोला म्हणत होती, तू बस गं, मी बघते सगळं.

शिनपेई दाराजवळ बसला होता. नवा पांढरा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. जागा मिळणार म्हणून त्याने दाढी दोनदा केली असावी. गालावर कापलं होतं. शिगेनोने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

इवाझोने फडक्यातून पट्ट्या काढल्या. जूनमधल्या शेवटच्या माशाच्या. त्याच्या घरी वाळवलेल्या. निखाऱ्यावर त्या हलक्या भाजल्या तसा तो वास घरभर झाला, खारट आणि रक्ताचा आणि उन्हाचा, जो वास इसोनेतल्या माणसाला आईच्या दुधाबरोबरच कळतो. बोटीवरच्या एकाने आवंढा गिळला तो सगळ्यांना ऐकू आला. इवाझोने हातानेच पट्ट्या उभ्या फाडल्या, ताटलीत मांडल्या आणि ताटली शिगेनोपुढे ठेवून जमिनीला कपाळ टेकलं. त्याच्यामागे सगळ्या बोटीने टेकलं.

शिगेनोने जेवणाच्या काड्यांनी एक पट्टी उचलली आणि तोंडात घातली.

चावायला ती फार चिवट. इतक्या दिवसांत मिठाची सवय गेली होती. जीभ जळल्यासारखी झाली. ती चावत राहिली, खोलीत कुणी हलत नव्हतं आणि तिच्या चावण्याचा आवाज तिलाच मोठा वाटत होता. या माशावर दोर सोडताना तोकुजी हसत असेल. संध्याकाळी आल्यावर म्हणाला होता, आज गंमत झाली आई. काय गंमत झाली होती, ते तिला काही केल्या आठवेना. शेवटी तिने घास गिळला. बायकांत कुणी तरी हुंदका दिला आणि पुरुष पुन्हा श्वास घ्यायला लागले.

मग तिने दुसरी पट्टी उचलली.

शिनपेईने दोन्ही हातांत वाडगा धरून पुढे केला होता. शिगेनोच्या काड्या त्या वाडग्यावरून पुढे गेल्या. पलीकडे गिनजी बसला होता. त्याला काही समजलं नाही, तो आपला तोंड उघडं टाकून बघत राहिला. मोरीपाशी मात्सुएच्या हातातली सुरी पाटावर पडली.

"शिगेनो!" ती ओरडली.

शिगेनो थांबली नाही. इवाझो खाली बघत होता. गिनजीच्या वाडग्यापासून पट्टी वीतभर असेल, तेवढ्यात शिनपेईने पुढे झुकून स्वतःच्या काड्यांनी ती पट्टी दुसऱ्या टोकाला धरली.

खोलीतली हवाच गेली. एका घासाला दोन माणसांच्या काड्या लागतात त्या फक्त स्मशानात, जळलेल्या माणसाची हाडं राखेतून वेचून एकमेकांच्या काड्यांत देताना. जेवताना लहान मुलाने चुकून असं केलं तरी त्याच्या हातावर फटका बसतो. आणि इथे, मेलेल्याच्या पाटीपुढे, आई आणि मुलगा एकाच मांसाची दोन टोकं धरून बसले होते. बुवांच्या हातातली माळ थांबली.

"सोड," शिगेनो पुटपुटली. "शिनपेई, सोड रे."

"नाही सोडत." त्याचा आवाज बारीक झाला होता, पण हात स्थिर होता. "जागा देऊ नकोस. नको देऊस. पण बाबांचं मी काही उचललं नाही, दादाचं काही उचललं नाही. एवढं तरी तुझ्याबरोबर उचलू दे, आई."

शिगेनोला काड्या सोडता येईनात. सोडल्या असत्या तर पट्टी त्याच्याकडे गेली असती आणि जागाही त्याला गेली असती; धरून ठेवल्या तर जे होत होतं ते होतच होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. समोर तिचा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, गालावर कापल्याची रेघ. तो रागावलेला नव्हता, हेच तिला सोसेना.

शेवटी इवाझो उठला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ त्यांच्या मध्ये धरली.

"हा आता घास नाही," तो म्हणाला. "ही तोकुजीची अस्थी. बुवा, मडकं पुढे घ्या."

दोघांनी पट्टी त्याच्या ओंजळीत सोडली. बुवांनी मडक्यातला टॉवेल बाजूला केला आणि ती पट्टी आत ठेवली, काही न बोलता, जणू हे रोजच होतं. मग इवाझोने स्वतः ताटलीतली तिसरी पट्टी उचलली आणि गिनजीच्या वाडग्यात घातली. शब्द दिला होता, तो त्याने पाळला. गिनजीने बापाकडे बघितलं, बापाने मान हलवली, आणि त्याने ती खाल्ली. मात्सुए मागच्या दाराने निघून गेली. कापलेला टोफू तसाच पाटावर राहिला.

साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायचं काम घरच्या पुरुषाचं. शिनपेईने ते केलं. एकेकापुढे गुडघे टेकून सगळ्यांना ओतली, गिनजीला पहिली. लोकांनी ती घेतली, पण घेताना त्याच्या बोटांना बोट लागणार नाही अशी घेतली.

दुसऱ्या पहाटे बोट सुटली आणि त्याच आठवड्यात मासा आला. चटया भरल्या, घारी आल्या, दात नसलेल्या म्हाताऱ्याला चोखायला पट्टी मिळाली. गाव शिगेनोशी गोडीने वागायला लागलं. फाडणीच्या शेडवर मात्र शिनपेईला कुणी सुरी देईना. तोंडावर कुणी काही बोललं नाही. इसोनेत तोंडावर बोलत नाहीत. आज माणसं पुरेशी आहेत, असं म्हणायचे. ज्याने जेवणाच्या पानावर मेलेल्याचं हाड धरलं, त्याच्या हातची धार बोटीला नको. दक्षिणेकडच्या दोन बंदरांतही तो चालत जाऊन आला. गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचली होती. शिगेनोने बघितलं, तो पोस्टाच्या कचेरीपुढेही एकदा उभा होता. आत गेला नाही.

ऑक्टोबरात त्याने सांगितलं, तो दक्षिण महासागरात जाणाऱ्या मोठ्या जहाजावर चाललाय. अख्खा कारखाना पोटात घेऊन हिंडणारी जहाजं ती, बर्फाच्या कडेकडेने. हिवाळा तिथे काढतात, वसंत ऋतूत येतात.

"तिथे विचारत नाहीत," तो म्हणाला. "कुठल्या गावचा, काय केलंस. सुरी धरता येते का, एवढंच."

"माझ्यावर सूड घेतोस?"

"नाही गं." त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला दुसरं काही येत नाही, आई."

ती खूप बोलली. रडली, शिव्या दिल्या, पाया पडते म्हणाली. मग काही बोलायला उरलं नाही, तेव्हा तिने त्याचे लोकरीचे मोजे शिवायला घेतले. स्टेशनवर त्याने तिला खाली वाकून नमस्कार केला, परक्या माणसाने करावा तसा, पूर्ण वाकून. गाडी सुटल्यावर ती फलाटावरच्या बाकावर बसून राहिली. स्टेशनमास्तरने येऊन विचारलं, आजी, कुठे जायचंय? तिला अजून कुणी आजी म्हटलं नव्हतं.

वसंत आला, जहाजं आली. शिनपेई आला नाही. ते जहाज तसंच उत्तरेच्या समुद्रात चाललं होतं, त्यावर माणसं हवी होती. जहाज लागलं त्या बंदरातून त्याने डबे पाठवले, देवमाशाच्या मांसाचे, आल्यात शिजवलेले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दक्षिणेला. त्याच्या पुढच्या वर्षीही. शिगेनोने डबे फोडून खाल्ले. मऊ असायचं ते मांस, गोडसर, आणि कुठल्या माशाचं, कुठल्या पाण्यातलं, काही कळायचं नाही.

मात्सुए तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. रोज संध्याकाळी ती धक्क्यावर उभी राहायची, बोट दिसेपर्यंत. बोट दिसली तरी माणसं मोजता येईपर्यंत हलायची नाही. मग एका ऑगस्टात ती आपण होऊन बोळ ओलांडून आली. शिगेनो अंगणात पट्ट्या कापत होती. मात्सुए शेजारी बसली, दुसरी सुरी उचलली आणि तीही कापायला लागली.

"गिनजीचं ठरलं," ती कापता कापता म्हणाली. "मुलगी डोंगरापलीकडची आहे. मांस कापता येत नाही तिला. शिकवावं लागेल."

"शिकेल."

"तुझ्यावर रागावून मी दोन वर्षं घालवली, शिगेनो. दिवसभर जीव मुठीत. पण रात्री माझा पोरगा तिथे बसून जेवतो, घोरतो. तिथून ऐकू येतं तुला?"

"येतं."

"मग मी कशाला रागावू आता." मात्सुएने एक पट्टी मिठात टाकली. "शिनपेईचं काही कळलं?"

"खुशाल आहे," शिगेनो म्हणाली. "मला खुशालच हवा होता."

तिने पुढचा तुकडा पाटावर ओढला, पण सुरी चालवली नाही. बोळाच्या पलीकडे गिनजी आला होता आणि जेवायला काय आहे म्हणून आईला हाका मारत होता. मात्सुए उठायला निघाली, मग शिगेनोकडे बघून तशीच बसून राहिली. हाका येत राहिल्या आणि दोघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.